विमानतळावरील पार्किंगची आकारणी : हरकत कशी घ्यावी?

रायपूर शहराच्या दक्षिणेस माना येथे असलेल्या स्वामी विवेकानंद विमानतळावर आप्तांना सोडण्यासाठी अथवा आणण्यासाठी मोटार घेऊन जाणाऱ्या व्यक्तीच्या हाती आत शिरताना वेळेची नोंद असलेली चिठ्ठी येते आणि बाहेर पडताना पैशांची पावती. बहुतेक वेळा ही देवाणघेवाण विनातक्रार पार पडते. मात्र सवलतीची मिनिटे उलटल्याचे सांगून अपेक्षेपेक्षा अधिक रक्कम मागितली जाते, चिठ्ठी हरवल्याबद्दल ‘दंड’ आकारला जातो किंवा चाकाला जॅमर लावला जातो, तेव्हा वाद उद्भवतो. पाठीमागे मोटारींची रांग लागलेली असते, भोंगे वाजू लागतात आणि वाहनधारक रक्कम देऊन निघून जातो. रक्कम थोडी असल्याने पुढे कोणी दाद मागत नाही.

अशा आकारणीस हरकत घेता येते. त्यासाठी खर्च अत्यल्प असून काही मार्ग पूर्णतः विनामूल्य आहेत. मात्र ही आकारणी कोण करते आणि कोणत्या अधिकाराने करते, हे प्रथम समजून घेणे आवश्यक आहे.

पावती कोणाची?

रायपूरचा विमानतळ भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या अखत्यारीत आहे. २०१२ च्या जानेवारीत त्याला स्वामी विवेकानंदांचे नाव देण्यात आले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते नव्या टर्मिनल इमारतीचे उद्घाटन झाले. प्राधिकरणाच्या विमानतळांवर वाहनतळाची व्यवस्था सर्वसाधारणपणे निविदा काढून खासगी कंत्राटदाराकडे सोपविण्यात येते. भारतीय विमानतळ प्राधिकरण कायदा, १९९४ च्या २२ व्या कलमानुसार, विमानतळावर व्यवसाय करण्याची सुविधा ज्यांना देण्यात आली आहे त्यांच्याकडून प्राधिकरण शुल्क अथवा भाडे घेऊ शकते. कंत्राटदार प्राधिकरणाला परवाना शुल्क देतो आणि वाहनधारकांकडून ठरलेल्या दराने वसुली करतो.

यावरून स्पष्ट होते की हाती पडलेली पावती हा वाहतूक पोलिसांचा चालान नसतो. मोटार वाहन कायदा, १९८८ खालील गुन्ह्यांवर तडजोड शुल्क घेण्याचा अधिकार २०० व्या कलमानुसार राज्य शासनाने अधिसूचित केलेल्या अधिकाऱ्यांनाच असतो. कंत्राटदाराच्या कर्मचाऱ्याला तो नाही. पावतीवर ‘दंड’ असा शब्द छापलेला असला, तरी ती रक्कम म्हणजे करारान्वये केलेली मागणी होय. मागणी योग्य असेल तर ती देणे बंधनकारक ठरते. अयोग्य असेल तर तिला आव्हान देता येते.

वाहनतळाच्या दरांवर विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरणाचे नियंत्रण असते, असाही एक समज आढळतो. तो बरोबर नाही. २००८ च्या कायद्यान्वये हे नियामक प्राधिकरण विमानांचे उतरणे, विमाने उभी करणे, मालवाहतूक, इंधनपुरवठा इत्यादी वैमानिक सेवांचे दर ठरविते. प्रवाशांच्या मोटारींचे पार्किंग या व्याख्येत येत नाही. त्यामुळे मंजूर दर कोणते, हे प्राधिकरण आणि कंत्राटदार यांच्यातील करारातच पाहावे लागते.

आव्हानाचे आधार

हरकतीसाठी प्रामुख्याने चार मुद्दे उपयोगी पडतात.

पहिला मुद्दा फलकाचा. मोटार आत नेणे म्हणजे तेथील अटी मान्य करणे, असे कंत्राटदाराचे म्हणणे असते. परंतु अटी मान्य करण्यासाठी त्या आधी कळणे आवश्यक असते. दर, सवलतीचा वेळ आणि जादा आकारणीचे नियम प्रवेशापूर्वी, वाचता येतील अशा अक्षरांत लावलेले होते काय, हा पहिला प्रश्न ठरतो. फलक झाडाआड असणे, जुना दर खोडून नवा लिहिलेला असणे किंवा रात्री त्यावर प्रकाश नसणे, या बाबी छायाचित्रातून सिद्ध करता येतात.

दुसरा मुद्दा घड्याळाचा. वेळ प्रवेशाच्या फाटकापासून बाहेर पडण्याच्या फाटकापर्यंत मोजली जाते. एकापाठोपाठ दोन विमाने उतरली की बाहेरच्या फाटकावर रांग लागते आणि सवलतीची मिनिटे त्या रांगेतच संपतात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या ६७ व्या कलमानुसार, ज्याला वचन दिले आहे त्यानेच वचनपूर्तीसाठी वाजवी सोय करून दिली नाही, तर त्या कारणाने झालेल्या कसुरीबद्दल वचन देणारा जबाबदार राहत नाही. एकच खिडकी उघडी ठेवल्यामुळे झालेला विलंब वाहनधारकाच्या माथी मारता येणार नाही, असा युक्तिवाद या कलमाच्या आधारे करता येतो. त्यासाठी रांगेत उभे राहिल्याची वेळ नोंदविणे महत्त्वाचे असते.

तिसरा मुद्दा रकमेचा. जास्त वेळासाठी जास्त दर ही सेवेची किंमत आहे. तो दर फलकावर असेल तर केवळ महाग वाटतो म्हणून त्याला आव्हान देणे कठीण जाते. चिठ्ठी हरवल्याबद्दल अथवा चुकीच्या ठिकाणी उभे राहिल्याबद्दल ठोक रक्कम आकारली जाते, तिचे स्वरूप मात्र वेगळे असते. करार कायद्याच्या ७४ व्या कलमानुसार, करारभंगासाठी रक्कम आधी ठरविलेली असली तरी त्या मर्यादेत केवळ वाजवी भरपाईच मिळू शकते. कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नमूद केले की हानी वा नुकसान झालेले असणे ही या कलमाची पूर्वअट आहे. चिठ्ठी हरवली, तथापि मोटार किती वाजता आत आली हे कॅमेऱ्यातून अथवा फास्टॅगच्या नोंदीतून कळत असेल, तर मोठी ठोक रक्कम कोणत्या नुकसानीपोटी घेतली, हे कंत्राटदाराला सांगावे लागते.

चौथा मुद्दा पावतीचा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २ (४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या दिली आहे. सेवा दिल्यावर विहित पद्धतीने बिल अथवा पावती न देणे हीदेखील अनुचित व्यापारी प्रथा मानली जाते. पावतीवर सेवा देणाऱ्याचे नाव व पत्ता, अनुक्रमांक आणि तारीख असणे अपेक्षित आहे. कर आकारला असल्यास वस्तू व सेवा कराचा नोंदणी क्रमांकही पाहावा. कोऱ्या कागदावर आकडा लिहून घेतलेली रक्कम ही कंत्राटदाराच्या बाजूची सर्वांत दुबळी कडी असते.

जॅमर आणि अडवणूक

वाहन जागीच अडकविण्याबाबत मोटार वाहन कायद्याच्या १२७ व्या कलमात तरतूद आहे. सार्वजनिक जागी दहा तास किंवा अधिक काळ सोडून दिलेले, अथवा कायद्याने मनाई असलेल्या ठिकाणी उभे केलेले वाहन उचलून नेण्यास किंवा त्याच्या चाकाला जॅमर लावण्यास, त्या हद्दीतील गणवेशधारी पोलीस अधिकारी परवानगी देऊ शकतो. त्यामुळे जॅमर कोणाच्या आदेशावरून लावला, असा प्रश्न वाहनधारकाने अवश्य विचारावा आणि उत्तर देणाऱ्याचे नाव टिपून ठेवावे.

पैसे दिल्याखेरीज फाटक न उघडण्याबाबतही कायद्यात उत्तर आहे. करार कायद्याच्या १५ व्या कलमानुसार, कोणाची मालमत्ता बेकायदा अडवून ठेवणे किंवा तशी धमकी देणे हे बळजबरीच्या व्याख्येत येते. ७२ व्या कलमानुसार, चुकीने अथवा बळजबरीमुळे दिलेली रक्कम घेणाऱ्याने परत करणे बंधनकारक असते. म्हणजेच फाटकावर रक्कम दिल्याने हक्क संपुष्टात येत नाही. व्यक्तीला जाण्याचा हक्क असलेल्या दिशेने जाण्यापासून जाणूनबुजून अडविणे हा भारतीय न्याय संहितेच्या १२६ व्या कलमाखाली गुन्हा आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. प्रसंग हातघाईवर येण्याची चिन्हे दिसल्यास ११२ या क्रमांकावर दूरध्वनी करणे श्रेयस्कर ठरते.

फाटकावर काय करावे?

कर्मचाऱ्याशी हुज्जत घालून काही साध्य होत नाही, कारण दर ठरविण्याचा अथवा माफ करण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. वाहनधारकाने मागितलेली रक्कम शक्यतो यूपीआय अथवा फास्टॅगद्वारे द्यावी, म्हणजे वेळेसह नोंद राहते. पावती घ्यावी आणि तिच्यावर ‘हरकत नोंदवून रक्कम दिली’ असे लिहून तिचे छायाचित्र काढावे. पर्यवेक्षक उपस्थित असल्यास त्याच्या निदर्शनास ही बाब आणावी.

त्यानंतर मोटार बाजूला सुरक्षित ठिकाणी उभी करून पुढील बाबी जमवाव्यात : प्रवेशाची चिठ्ठी, दरफलकाचे छायाचित्र, फाटकावरील रांगेचे छायाचित्र, विमानाच्या आगमनाची वेळ आणि सोबतच्या व्यक्तींची नावे. कॅमेऱ्यांतील चित्रण ठरावीक काळानंतर पुसले जाते. म्हणून ते जतन करण्याची लेखी विनंती शक्य तितक्या लवकर, प्राधान्याने त्याच दिवशी करावी.

फास्टॅगमधून चुकीची रक्कम कापली गेल्यास ज्या बँकेने तो दिला आहे, तिच्याकडेही स्वतंत्र तक्रार करावी लागते. एकच मोटार दोनदा नोंदली जाणे किंवा बाहेर पडल्याची नोंद न होणे, अशा चुका बँकेच्या तपशिलात सहज दिसून येतात.

तक्रारीचे टप्पे

पहिली लेखी तक्रार कंत्राटदाराकडे आणि तिची प्रत विमानतळ संचालकांकडे पाठवावी. कंत्राटदार प्राधिकरणाने नेमलेला असल्याने दोघांनाही एकाच वेळी कळविणे हिताचे असते. रायपूरमध्ये तक्रार हिंदीत अथवा इंग्रजीत करणे सोयीचे ठरते. तीत वाहन क्रमांक, दिनांक, आत येण्याची व बाहेर पडण्याची वेळ, दिलेली रक्कम, वाजवी रक्कम आणि परतावा किती हवा, एवढेच मुद्देसूद लिहावे. उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत देणे उचित ठरते.

नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने नोव्हेंबर २०१६ मध्ये ‘एअरसेवा’ ही तक्रार निवारण यंत्रणा सुरू केली. विमानतळावरील सेवांविषयीच्या तक्रारी तेथे नोंदविता येतात आणि तक्रारीला क्रमांक मिळतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ असून तेथे मराठीसह अनेक भाषांत बोलता येते. ही हेल्पलाइन न्यायनिवाडा करीत नाही; ती संबंधित आस्थापनेशी संपर्क साधून तडजोडीचा प्रयत्न करते. अनेक छोटी प्रकरणे याच टप्प्यावर मिटू शकतात.

रायपूरच्या बाबतीत माहितीच्या अधिकाराचे साधन विशेष प्रभावी ठरते. भारतीय विमानतळ प्राधिकरण ही केंद्र सरकारची संस्था असल्याने २००५ चा माहिती अधिकार कायदा तिला लागू आहे. दहा रुपये शुल्क भरून संकेतस्थळावरूनही अर्ज करता येतो आणि सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते. अर्जात मंजूर दरपत्रक, सवलतीची मिनिटे, जादा आकारणीस दिलेली मान्यता, जॅमरविषयीच्या अटी, फलक लावण्याविषयीच्या अटी आणि कंत्राटदाराविरुद्ध आलेल्या तक्रारींची संख्या, अशी नेमकी माहिती मागावी. करारातील काही भाग व्यापारी गोपनीयतेच्या कारणास्तव नाकारला जाऊ शकतो. परंतु जनतेकडून वसूल केले जाणारे दर गोपनीय असू शकत नाहीत. मंजूर दर आणि पावतीवरील रक्कम यांत तफावत आढळल्यास प्रकरण तेथेच बळकट होते. उत्तर न मिळाल्यास तीस दिवसांच्या आत पहिले अपील करता येते.

ग्राहक आयोग

समाधान न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. मोबदला देऊन सेवा घेणारी व्यक्ती ग्राहक ठरते. म्हणून पावती हीच ग्राहक असल्याचा पुरावा होय. मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीसाठी शुल्क आकारले जात नाही. वकील नेमण्याची सक्ती नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. १ जानेवारी २०२५ पासून ‘ई-जागृती’ या संकेतस्थळाची सुविधा उपलब्ध झाली आहे.

२०१९ च्या कायद्याने केलेला एक बदल महाराष्ट्रातून रायपूरला जाणाऱ्यांसाठी महत्त्वाचा आहे. ३४ व्या कलमानुसार तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, तेथील जिल्हा आयोगाकडेही तक्रार करता येते. नागपूर अथवा गोंदिया येथील रहिवाशाला पार्किंगच्या वादासाठी रायपूरला खेटे घालण्याची गरज उरलेली नाही. रायपूरमधील मराठी कुटुंबांना अर्थातच तेथील जिल्हा आयोग जवळचा आहे. निकालाविरुद्ध ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. रक्कम देण्याचा आदेश झालेल्या पक्षाला अपिलापूर्वी त्या रकमेच्या निम्मी रक्कम जमा करावी लागते.

तक्रारीत कंत्राटदार आणि विमानतळ प्राधिकरण अशा दोघांनाही प्रतिपक्ष करावे. परतावा, झालेल्या त्रासाबद्दल भरपाई आणि खर्च यांबरोबरच अनुचित प्रथा बंद करण्याचा आदेशही मागता येतो. कायद्याच्या ३९ व्या कलमात आणखी एक तरतूद आहे. सहज ओळखता न येणाऱ्या बहुसंख्य ग्राहकांचे नुकसान झाल्याचे आढळल्यास, आयोग संबंधितास ठरावीक रक्कम भरण्याचा आदेश देऊ शकतो आणि ती दिलेल्या सेवेच्या मूल्याच्या २५ टक्क्यांपेक्षा कमी असू शकत नाही. थोडी रक्कम देऊन निघून गेलेल्या असंख्य वाहनधारकांच्या वतीने जणू एकाच तक्रारदाराने दाद मागावी, अशी ही व्यवस्था आहे.

निकाल काय सांगतात?

वाहनतळाच्या चिठ्ठीमागे छापलेल्या अटी अंतिम नसतात, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये स्पष्ट केले. दिल्लीतील ताजमहाल हॉटेलमध्ये १९९८ साली पाहुण्याने कर्मचाऱ्याच्या स्वाधीन केलेली मोटार चोरीस गेली होती. ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’ अशी अट चिठ्ठीवर असतानाही, स्वतःच्या वा कर्मचाऱ्यांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी हॉटेलला झटकता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. हा निकाल ताबा दिलेल्या मोटारीविषयी आहे. किल्ली स्वतःजवळ ठेवून लावलेल्या मोटारीला तो जसाच्या तसा लागू होईलच असे नाही. तरीही छापील अटींच्या मर्यादा त्यातून दिसून येतात.

ब्रिटनमधील स्थिती तुलनेसाठी उद्बोधक आहे. तेथे खासगी कंपन्यांच्या पार्किंग आकारणीविरुद्ध अपील ऐकणाऱ्या स्वतंत्र यंत्रणा आहेत. २०१५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने चेम्सफर्ड येथील एका वाहनतळाच्या प्रकरणात निर्णय दिला. दोन तास विनाशुल्क असताना ५६ मिनिटे जास्त थांबलेल्या वाहनचालकाकडून ८५ पौंड मागण्यात आले होते. फलक ठळक होते आणि जागा मोकळी होत राहण्यात व्यवस्थापनाचा न्याय्य हितसंबंध होता, म्हणून ही आकारणी वैध ठरविण्यात आली. इंग्लंड व वेल्समधील विमानतळांबाबत मात्र एक महत्त्वाचा अपवाद आहे. २०१२ च्या एका कायद्याने चालक अज्ञात असल्यास नोंदणीकृत वाहनधारकाकडून वसुली करण्याची मुभा खासगी कंपन्यांना दिली. परंतु उपविधी लागू असलेल्या जमिनीवर ती मिळत नाही आणि अनेक विमानतळांची जमीन याच वर्गात मोडते. तेथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना अशी नोटीस आल्यास हा फरक प्रथम तपासून पाहणे उपयुक्त ठरते.

भारतात अशी स्वतंत्र अपील यंत्रणा नाही. दर आधी दाखविला होता काय आणि रक्कम वाजवी आहे काय, हे दोन प्रश्न मात्र दोन्हीकडे सारखेच आहेत.

वेळ आणि मोल

या मार्गाच्या मर्यादाही लक्षात घेतल्या पाहिजेत. ग्राहक कायद्यात प्रतिपक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा व्यक्त केली आहे. प्रत्यक्षात अधिक काळ लागू शकतो. मथुरेतील एका वकिलाने १९९९ च्या डिसेंबरमध्ये रेल्वे तिकिटासाठी २० रुपये जास्त घेतल्याची तक्रार ग्राहक मंचाकडे केली होती. शंभरहून अधिक सुनावण्यांनंतर २०२२ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. २० रुपये १२ टक्के व्याजासह परत करण्याचा आणि १५ हजार रुपये देण्याचा आदेश रेल्वेला देण्यात आला. हे प्रकरण जिद्दीचे उदाहरण म्हणून सांगितले जाते. ते विलंबाचेही उदाहरण आहे.

म्हणूनच लेखी तक्रार, हेल्पलाइन आणि माहितीचा अर्ज हे आधीचे टप्पे पूर्ण करूनच आयोगाचा दरवाजा ठोठावणे व्यवहार्य ठरते. या टप्प्यांवर जमलेली कागदपत्रे पुढे पुरावा म्हणून कामी येतात.

सप्टेंबर २०२१ मध्ये प्राधिकरणाच्या संचालक मंडळाने तेरा विमानतळ खासगी भागीदारीने चालविण्यास मान्यता दिली होती. त्या यादीत रायपूरची जोडी मराठवाड्यातील औरंगाबाद, म्हणजेच आताच्या छत्रपती संभाजीनगर येथील विमानतळाशी लावण्यात आली होती. व्यवस्थापन खासगी कंपनीकडे गेल्यास माहिती अधिकाराचा थेट मार्ग अरुंद होतो. ग्राहक कायद्याचा मार्ग मात्र तसाच खुला राहतो. व्यवस्थापन कोणाचेही असो, फलकाचे छायाचित्र आणि पावती जपून ठेवणाऱ्या वाहनधारकाचीच बाजू अखेर भक्कम ठरते.